आयर्लंडचे सण आणि चिमुकले हात: सोप्या हस्तकला सुचवा (माझ्याकडच्याही घ्या)

निशिगंध | १७ जानेवारी, रात्री १०.४०

मंडळी, डब्लिनला येऊन चार वर्षं झाली. लेक यंदा ज्युनिअर इन्फंट्समध्ये आहे, म्हणजे आपल्याकडच्या छोट्या आणि मोठ्या शिशूच्या मधोमध कुठेतरी. दर शनिवारी आमच्याकडे सात-आठ मराठी पोरं जमतात, वय वर्षं तीन ते सहा. आधी श्लोक, गाणी, मग अर्धा तास हातांना काम. दिवाळीचा कंदील आणि संक्रांतीचा पतंग ठरलेला असतो. पण फेब्रुवारी-मार्चमध्ये पोरं शाळेतून काही तरी विणलेलं, चिकटवलेलं घेऊन येतात आणि "हे काय गं?" विचारल्यावर आम्ही आया एकमेकींकडे बघतो.

गेल्या वर्षी मी शहाणपणा केला. सेंट पॅट्रिक डे म्हणून हिरव्या कार्डशीटची चार पाकळ्यांची वीस पानं कापली, त्यावर चमकी ओतली, पोरांच्या छातीवर लावली. शेजारच्या आयरिश आजी कौतुकाने बघत म्हणाल्या, "छान आहे हो, पण शॅमरॉक नाही हा." शॅमरॉकला पानं तीनच. चार पानांचं ते नशीबवान क्लोव्हर, ती वेगळी गोष्ट. पॅट्रिकने एकाच देठावरची तीन पानं दाखवून पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे त्रैक्य समजावलं अशी कथा आहे. चौथं पान लावलं की कथाच कोलमडते.

तेव्हा यंदा नीट करायचं ठरवलंय. सण दोन. १ फेब्रुवारीला सेंट ब्रिजिडचा दिवस आणि १७ मार्चला पॅट्रिकचा. पॅट्रिकची सुट्टी १९०३ पासूनची, ब्रिजिडची २०२३ पासूनची. बाईच्या नावाची ही आयर्लंडमधली पहिली सार्वजनिक सुट्टी. ती फेब्रुवारीच्या पहिल्या सोमवारी असते, पण १ तारीख शुक्रवारी आली तर त्याच दिवशी.

ब्रिजिडचा क्रॉस मी लेकीच्या बाईंकडून शिकून घेतलाय, तो इथे देते. खरा क्रॉस ओल्या जागी उगवणाऱ्या गवताचा करतात. आम्ही पाइप क्लीनर घेतो, म्हणजे ती लोकरीसारखी केसाळ तार. एका पोराला नऊ. एक तार उभी धरायची. दुसरी मधोमध दुमडून त्या उभ्या तारेला मिठी मारल्यासारखी घालायची, मोकळी टोकं उजवीकडे. आता सगळं घड्याळाच्या उलट पाव फेरा फिरवायचं, म्हणजे उजवीकडची टोकं वर येतात. तिसरी तार दुमडून या वर आलेल्या टोकांना मिठी, टोकं पुन्हा उजवीकडे. पुन्हा पाव फेरा. नऊ तारा संपेपर्यंत एवढंच. मध्ये आपोआप चौकोनी वीण तयार होते. शेवटी चारही हातांना रबर किंवा दोरा बांधायचा, टोकं सारखी कापायची. आमचा मंत्र आहे "घडी, मिठी, गिरकी". पाच वर्षांच्या पोराला तिसऱ्या मिठीनंतर सांगावं लागत नाही. तीन वर्षांचं पोर मात्र फिरवायचं विसरतं आणि मग क्रॉसऐवजी फणी तयार होते :)

तारेची टोकं टोचतात, ती कापल्यावर आत वळवून टाका.

आता तुमचे पत्ते टाका. अटी तीनच: सामान घरातलं हवं, अर्ध्या तासात व्हायला हवं आणि आईने रात्री जागून ऐंशी टक्के काम करून ठेवायला लागू नये.

---

चौकस | १७ जानेवारी, रात्री ११.०५

वाचनखूण साठवली. फोटो?

---

बालवाडीच्या बाई | १८ जानेवारी, सकाळी ७.१५

निशिगंध, "फणी तयार होते" वाचून हसले. एकतीस वर्षं बालवाडी चालवली, अशा फण्या खूप पाहिल्यात. त्या मुलाची फणीसुद्धा भिंतीवर लागली पाहिजे बरं का.

एक सुचवते. तीन-साडेतीनच्या मुलांना गिरकी जमत नाही, कारण एका हाताने धरून दुसऱ्या हाताने फिरवणं त्यांना अवघड. त्यांना आइस्क्रीमच्या दोन काड्यांची फुली बांधून द्या आणि लोकर गुंडाळू द्या, एका काडीवरून वेढा, मग पुढच्या काडीवरून वेढा. मध्ये चौकटच्या पत्त्यासारखा आकार भरत जातो. ब्रिजिडच्या क्रॉसचा असा चौकटीचा प्रकारही आयर्लंडमध्ये आहे, त्यामुळे "लहानांना खोटा दिला" असं वाटायला नको.

पुण्यात ती केसाळ तार महाग पडते. मी वर्तमानपत्राच्या बारीक सुरळ्या करून, चपट्या दाबून वापरल्या असत्या. गव्हाचं काड मिळालं तर आदल्या रात्री पाण्यात भिजत घाला, कोरडं काड दुमडताना मोडतं.

---

देवगडकर_कॉर्क | १८ जानेवारी, दुपारी १.३०

कॉर्कहून हजेरी. ते गवत म्हणजे रश, आयरिशमध्ये लुआखिर. पाणथळ कुरणात झुबकेच्या झुबके असतात. आपल्या लव्हाळ्याच्या गणगोतातलं वाटतं, महापुरात वाचणारं तेच. गेल्या वर्षी शेतकऱ्याला विचारून पोरांना घेऊन गेलो. त्याने दोन गोष्टी बजावल्या. रश कापायचं नाही, उपटायचं, तशी रीत आहे. आणि गमबूट घाला. दुसरी सूचना मी मनावर घेतली नाही, मोजे टाकून द्यावे लागले.

ताज्या रशला तारेपेक्षा सोपं काम आहे. लवचिक असतं, हाताला थंड लागतं, पोरं आधी वास घेत बसतात. जमलं तर एकदा खरं रश आणाच.

पोरांना गोष्टही सांगा. मरणाला टेकलेल्या एका सरदाराच्या उशाशी ब्रिजिड बसली होती. जमिनीवर तेव्हा रश अंथरलेलं असे. तिने बोलता बोलता तेच उचलून क्रॉस विणला. म्हणून हा क्रॉस खाली पडलेल्या गवताचा. घराला आग लागू नये म्हणून दाराच्या वर लावतात. आयरिश टीव्ही १९६१ च्या शेवटच्या दिवशी सुरू झाला तेव्हा त्याचं बोधचिन्हही हाच क्रॉस होता.

---

निशिगंध | १८ जानेवारी, रात्री ९.२०

@बालवाडीच्या बाई, काड्या-लोकर पक्कं. बाई, तुम्ही असताना हा धागा मी कशाला काढला!

@देवगडकर, दाराच्या वर म्हणजे आमच्या तोरणाच्या शेजारी. सासूबाई व्हिडिओ कॉलवर विचारणार आहेत, तयारी करून ठेवते.

---

कमलपत्र | १९ जानेवारी, सकाळी १०.००

ब्रिजिडची अजून एक गोष्ट मुलांना फार आवडते. तिला मठासाठी जमीन हवी होती. लेन्स्टरचा राजा देईना. ती म्हणाली, "माझ्या शालीखाली मावेल तेवढी तरी द्या." राजा हसून हो म्हणाला. चार मैत्रिणींनी शालीची चार टोकं धरली आणि चार दिशांना चालू लागल्या. शाल वाढत वाढत किल्डेअरचं अख्खं कुरण झाकून गेली. माझी मुलगी लगेच म्हणाली, "हा तर वामन!" बळीराजाची बाजू घेऊन नंतर आमच्यात जरा वादही झाला.

हस्तकला अशी: जुनी पांढरी ओढणी किंवा चादरीचा तुकडा घ्या. सगळ्या मुलांनी त्यावर तळहाताचे ठसे द्यायचे, फुलं-पानं काढायची. वाळलं की चौघांनी टोकं धरून अंगणात पळायचं. ३१ जानेवारीच्या रात्री आयरिश घरांमध्ये एक फडकं बाहेर ठेवतात, ब्रिजिड जाता जाता त्याला आशीर्वाद देते असं मानतात. ते फडकं वर्षभर डोकेदुखीवर बांधायला जपून ठेवायचं. तुमची ओढणीही ठेवा बाहेर, पण कपड्याच्या चिमट्याने अडकवून. डब्लिनचा वारा.

---

न्यूजर्सीकर_नीता | २० जानेवारी, पहाटे ४.१०

आमच्याकडे मार्चमध्ये लेप्रकॉनचा (आयरिश गोष्टींतला जादूचा बुटका) सापळा करतात! बुटांच्या खोक्याला हिरवा कागद, शिडी, आत सोन्याची नाणी. रात्री पालक गुपचूप चमकी सांडून ठेवतात. मुलं वेडी होतात. करून बघा!!

---

देवगडकर_कॉर्क | २० जानेवारी, सकाळी ९.०५

नीता, सापळा ही अमेरिकेतली गंमत आहे. शिकागोची नदी हिरवी करणंही तिकडचंच, १९६२ पासूनचं. मजेला माझा विरोध नाही. पण इथल्या जुन्या गोष्टींतला लेप्रकॉन मोची असतो, एकटा बसून बूट शिवणारा. एकोणिसाव्या शतकातल्या वर्णनांत त्याचा कोटही लाल आहे, हिरवा मागाहून आला. त्यापेक्षा पोरांकडून त्याचा एक इवलासा बूट करून घ्या. जाड कागदाचा किंवा फेल्टचा, बोटभर लांब, टोक वर वळलेलं. रात्री खिडकीत ठेवा, सकाळी त्यात एक नाणं. चमकी झाडायला कोण येणार आहे?

---

न्यूजर्सीकर_नीता | २० जानेवारी, पहाटेच म्हणा

चमकीचा मुद्दा मान्य. मागच्या मार्चची गालिच्यात अजून सापडतेय.

---

रानवाटा | २० जानेवारी, संध्याकाळी ६.४५

पानांच्या बाबतीत थोडं माझ्या विषयातलं. शॅमरॉक म्हणजे नेमकी कुठली वनस्पती यावर आयरिश लोकांचंही एकमत नाही. १८९३ साली नॅथॅनिएल कोलगन यांनी ठिकठिकाणच्या लोकांना सांगितलं, तुम्ही ज्याला शॅमरॉक म्हणता ते मुळासकट पाठवा. आलेली रोपं लावली, फुलू दिली, मग ओळखली. वेगवेगळ्या जाती निघाल्या. १९८८ मध्ये पुन्हा तसंच करून पाहिलं. दोन्ही वेळा आघाडीवर बारीक पिवळ्या फुलांचं क्लोव्हर आणि पांढरं क्लोव्हर. आयरिश नाव शॅमरोग, त्याचा अर्थच "लहानसं क्लोव्हर".

आता महाराष्ट्रातल्यांसाठी. तीन पानं शोधायला लांब जायला नको. कुंडीत न लावता उगवणारी आंबुशी बघा, बदामाच्या आकाराची तीन पानं, मुलं चघळतात ती. आणि मेथी! मेथीच्या जुडीतलं प्रत्येक पान तीन पर्णिकांचं असतं. ताजी पानं वहीत दाबून दोन दिवस ठेवा, मग पांढऱ्या कार्डावर खळीने चिकटवा. किंवा पान कागदाखाली उलटं ठेवून वरून मेणखडू आडवा घासा, शिरा उमटतात.

बेलाचं पानही त्रिदल आहे, ते मी सांगायला नको.

---

निशिगंध | २० जानेवारी, रात्री ८.१०

मेथी!! इथल्या भारतीय दुकानात जुडी मिळते. निवडतानाच एक मूठ बाजूला काढीन. रानवाटा, तुम्हाला शंभर मोदक.

---

बालवाडीच्या बाई | २१ जानेवारी, सकाळी ७.००

ठसेकामाला ढोबळी मिरची घ्या. विकत घेताना उलटी करून बघा, खाली तीन फुगे असलेली हवी. आडवी कापली की तीन पानांचा शॅमरॉक तयार, देठ बोटाने ओढायचा. चार फुग्यांची घेतलीत तर गेल्या वर्षीचीच चूक पुन्हा :) कापून दहा मिनिटं कागदावर पालथी ठेवा, पाणी निघून जाऊ दे, नाहीतर रंग ओघळतो. बटाट्याचा बदाम कापून तीनदा उमटवला तरी चालतो, पण बटाटा मुलांच्या हातातून सटकतो. त्यात काटा खुपसून द्या, मूठ होते. भेंडीचा ठसा आपल्या सगळ्यांच्या कार्यानुभवाच्या वहीत आहे, त्याचीच ही मावशी.

---

चौकस | २१ जानेवारी, सकाळी ११.३०

अवांतर: आयर्लंडचे माजी पंतप्रधान लिओ वराडकर यांच्या वडिलांचं गाव मालवण तालुक्यातलं वराड. म्हणजे हा धागा कोकणाशी...

---

देवगडकर_कॉर्क | २१ जानेवारी, सकाळी ११.४२

चौकसराव, ठाऊक आहे. धाग्याचा काश्मीर करू नका, पोरं रंग घेऊन बसलीयेत.

---

रंकाळ्याची_हलगी | २३ जानेवारी, दुपारी ३.२०

कुणीच वाद्याचं बोललं नाही? आयर्लंडचा बाउरॉन म्हणजे आपल्या हलगीची चुलतबहीण. लाकडी कडं, एका बाजूला बकऱ्याचं कातडं, हातात छोटी काठी.

कशिद्याची लाकडी रिंग घ्या. पॅकिंगची रुंद चिकटपट्टी रिंगवर ताणून एकावर एक आडव्या-उभ्या लावा, दोन्ही बाजूंनी चिकट भाग झाकला गेला पाहिजे. ताण जितका चांगला तितका आवाज चांगला. पट्टी ओढायचं काम मोठ्यांचं, वर कागदी शॅमरॉक चिकटवायचं काम मुलांचं. काठी म्हणून आइस्क्रीमच्या दोन काड्या एकत्र बांधा. शेजाऱ्यांची परवानगी आपापली घ्या.

---

निशिगंध | ३१ जानेवारी, रात्री ९.५०

आजचा हिशेब. सात पोरं, पाच क्रॉस, एक लोकरीची चौकट, एक फणी. फणी माझ्याच लेकीची, जिला आदल्या दिवशी मी स्वतः शिकवलं होतं. तिने ती दाराच्या वर लावायचा हट्ट धरलाय.

शेजारच्या आजींना बोलावलं होतं. त्यांनी एक गोष्ट सांगितली जी आम्हाला ठाऊक नव्हती. त्यांच्या माहेरी जुना क्रॉस टाकायचे नाहीत, छपराच्या वाशात खोचून ठेवायचे आणि दर वर्षी त्यात एकाची भर. लहानपणी त्या ते मोजायच्या, म्हणजे घर किती जुनं ते कळायचं.

मला त्यांच्या आधीच्या पिढ्यांतली अजून एक हस्तकला कळली आणि ती मला सगळ्यांत आवडली. पॅट्रिकच्या दिवशी पूर्वी मुलं छातीला घरी केलेले बिल्ले लावत. मुलगे कागदाच्या चौरसावर कंपासने वर्तुळ काढून, आत कमानींचा क्रॉस करून रंगवत. मुली पुठ्ठ्याच्या क्रॉसला रंगीत रिबिनी गुंडाळून मध्ये फूल लावत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीनंतर हे मागे पडलं. मेयो परगण्यात टर्लो पार्कला राष्ट्रीय संग्रहालयाचं ग्रामजीवन दालन आहे, तिथे असे बिल्ले जपून ठेवलेत. ऐकल्याबरोबर मला कंपासपेटी आठवली. कंटाळवाण्या तासाला आपण सगळ्यांनी वर्तुळात सहा पाकळ्यांचं फूल काढलेलं असतं की नाही? तेच! फक्त इथे चार कमानी. लहानांना वर्तुळ मी काढून देणार, रंग त्यांचे. तिसऱ्या अटीची ही थोडी मोडतोड आहे, चालवून घ्या.

---

कमलपत्र | १ फेब्रुवारी, सकाळी ८.३०

लहानांना कंपासऐवजी वाटी पालथी ठेवून गिरवू दे ना. वाटीची चौथाई कागदाच्या चारही कोपऱ्यांवर ठेवून कमानी काढल्या की मध्ये क्रॉस आपोआप उरतो.

---

निशिगंध | १ फेब्रुवारी, सकाळी ८.३५

कमल!! अट परत शाबूत.

---

बालवाडीच्या बाई | ३ मार्च, सकाळी ७.१०

धागा वर काढते, पॅट्रिक जवळ आला. दोन सोप्या गोष्टी राहिल्या होत्या.

आयर्लंडच्या प्रत्येक युरो नाण्यावर हार्प, म्हणजे ते तारांचं उभं वाद्य, असतं. नाणं कागदाखाली ठेवून वरून पेन्सिल घासा, आपण चार आण्यांचं उमटवायचो तसं. पिवळ्या मेणखडूने घासलं की सोन्याचं नाणं. मुलं दहा मिनिटं हूं का चूं करत नाहीत. कापून ठेवा.

दुसरं इंद्रधनुष्य. कागदी ताट अर्धं कापून रंगवायचं, "तानापिहिनिपाजा" म्हणत एकेक पट्टा, खाली कापसाचे ढग. शेवटी लेप्रकॉनचं सोन्याचं भांडं लागतं. दिवाळीच्या उरलेल्या पणत्या काळ्या रंगवा आणि त्यात ती कागदी नाणी भरा. तीन वर्षांखालचं भावंड घरात असेल तर खरी नाणी किंवा मणी अजिबात नकोत, ते थेट तोंडात जातं.

---

रानवाटा | ३ मार्च, सकाळी ९.४०

झेंडा करणार असाल तर सांभाळा. आपल्या १५ ऑगस्टचेच तीन रंग आहेत, त्यामुळे हात आपोआप आडव्या पट्ट्या काढतो. आयरिश झेंड्यात पट्टे उभे, काठीकडे हिरवा, मग पांढरा, मग नारिंगी. १८४८ मध्ये थॉमस फ्रान्सिस मार यांनी वॉटरफर्डमध्ये तो पहिल्यांदा फडकावला. हिरवा आणि नारिंगी हे कॅथलिक आणि प्रोटेस्टंट असे दोन समाज, पांढरा त्यांच्यातला समेट. काठी चुकून नारिंगीकडे लावली की तो आयव्हरी कोस्टचा झेंडा होतो.

---

निशिगंध | १८ मार्च, रात्री १०.१५

काल मिरवणुकीत सगळं झालं, म्हणजे सगळंच झालं.

ऐन वेळी पताकांचा हिरवा क्रेप कागद स्वस्तात मिळाला म्हणून मी बिल्ल्यांना त्याच्या झालरी लावल्या. पाऊस आला. क्रेपचा रंग सुटला. सात पोरांचे पांढरे शर्ट हिरवे, पाठोपाठ हात, मग तोंडं. वाटीने काढलेले मूळ बिल्ले मात्र मेणखडूचे होते, त्यांच्यावर पाणी थांबलंसुद्धा नाही. झालर माझी अक्कल, बिल्ला पोरांचा. झेंड्याची काठी सातपैकी तिघांनी नारिंगीकडे लावली होती. एका गृहस्थांनी अगदी गंभीर चेहऱ्याने आयव्हरी कोस्टला शुभेच्छा दिल्या.

मेथीच्या कार्डांना सगळ्यांत जास्त भाव मिळाला. आजींनी वास घेऊन विचारलं, हा कुठला शॅमरॉक? मी म्हटलं, पराठ्याचा. लेकीने त्यांना "लॉ एल्या पॉड्रिग" म्हणून शुभेच्छा दिल्या आणि कार्ड देऊन टाकलं.

@हलगी, बाउरॉनची चिकटपट्टी अर्ध्या रस्त्यात फाटली. काठी आरपार गेली. काय चुकलं?

---

रंकाळ्याची_हलगी | १९ मार्च, सकाळी १०.०५

पट्टी किती थरांची होती? आणि काठीचं टोक घासून गोल केलं होतं का? आइस्क्रीमच्या काडीच्या कडेला धार असते. टोकाला लोकर गुंडाळा. थर किमान चार घ्या, दोन आडवे, दोन उभे. रिंगचा स्क्रू पट्टी लावल्यानंतर पुन्हा एकदा आवळा.

---

निशिगंध | १९ मार्च, सकाळी १०.३०

दोनच थर होते. आणि स्क्रू आवळायचा असतो हे आत्ता कळलं.

---

चौकस | १९ मार्च, सकाळी १०.५०

फोटो???